कणकेवरचा पंजा

(पडद्यावर पितळी परात. मळलेली कणीक. एक डावा हात तिच्यावर दाबला जातो आणि सावकाश उचलला जातो.)

नीट बघा. अंगठा उमटला. तर्जनी उमटली, मधलं बोट उमटलं. अनामिका निम्मीच. करंगळीच्या जागी नुसता एक खड्डा, नखाच्या कडेसकट. आणि तळव्याच्या त्या बाजूला कणीक फुगलेली तशीच आहे, कारण तिथं हात टेकलाच नाही.

हा हात माझ्या मामांचा. वय 67. गाव अंबड तालुक्यातलं, जालना जिल्हा. दीड एकर मोसंबी, आणि 40 वर्षांचा मृदंग. पंचक्रोशीत सप्ताह बसला की विणेकऱ्याच्या आधी मामांना निरोप जायचा. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. त्या कणकेवर उघडा पंजा पडावा लागतो, सगळा, सपाट. मामांचा आता पडत नाही.

सुरुवात झाली 7 वर्षांपूर्वी, तळहातावरच्या एका गाठीनं. तुरीच्या दाण्याएवढी, अनामिकेच्या खाली. दुखत नव्हती. फसवलं ते ह्या न दुखण्यानंच. शेतकऱ्याच्या तळव्याला घट्टे काय कमी असतात? हा आणखी एक, म्हणून सोडून दिलं. मग शेजारी कातडीला खळगा पडला. मग कातडीखाली दोरी ताणल्यासारखी एक रेघ वर आली, तळव्यातून बोटाकडं. आणि मग करंगळी हळूहळू आत वाकायला लागली.

गावानं आपापली निदानं दिली. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं नस आखडली. तेल चोळून झालं, गरम पाण्याचा शेक झाला. एका जाणकारानं तर बोट धरून हिसका दिला. त्या दिवशी मात्र दुखलं.

(मामा अंगणात बसून हात धुताना.)

ही नस नाही आणि शीरही नाही. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून बघा, सहज येते. आता तळव्याची धरून बघा. येत नाही. कारण तळव्याच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, कातडीला खाली धरून ठेवणारा. तो असतो म्हणून कुदळीचा दांडा पकडला तरी तळव्याची कातडी सरकत नाही. ह्या आजारात तो पडदाच जाड होतो, त्याच्या दोऱ्या बनतात, त्या आखडतात आणि बोटाला आत ओढतात. बोट हलवणारे स्नायुबंध त्याच्या खाली धडधाकट असतात. म्हणून मामांची मूठ अजूनही पक्की वळते. कात्री धरता येते, बादली उचलता येते. वळलेली मूठ उघडत तेवढी नाही.

आजाराचं नाव डुप्युट्रेन कॉन्ट्रॅक्चर. नाव पॅरिसच्या एका सर्जनचं, गियोम द्युप्युट्रां. 1831 साली त्यानं एका दारूच्या व्यापाऱ्याच्या हातातला हा पडदा कापून बोटं मोकळी केली, आणि त्यावर व्याख्यान दिलं. लंडनच्या सर्जनांना हे दुखणं त्याच्याही आधी ठाऊक होतं, पण नाव चिकटलं ते पॅरिसचं. एक गोष्ट मात्र मामांना सांगितली तेव्हा त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. भूल देऊन ऑपरेशन करायची पद्धत त्यानंतर 15 वर्षांनी आली.

उत्तर युरोपात हा आजार घरोघरचा. आपल्याकडं त्या मानानं कमी, त्यामुळं ओळखायलाही उशीर होतो. पन्नाशीनंतरच्या पुरुषांत जास्त, घराण्यातून येतो, आणि मधुमेहाशी त्याचं जुनं नातं आहे. मामांना 12 वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टरांनी विचारलं, दारू? मामांनी उत्तर न देता गळ्यातली माळ पुढं केली. डॉक्टर हसले आणि पुढचा प्रश्न विचारला, वडिलांचा हात कसा होता? आजोबांची करंगळी वाकडी होती, हे माझ्या आईला आठवतं. तेव्हापासून मी रोज अंघोळीच्या वेळी स्वतःचा तळवा चाचपतो. ते असो.

(मामा तुळशीच्या कट्ट्यावर हात ठेवतात. पंजाखाली फट राहते, तिच्यातून उजेड दिसतो.)

ऑपरेशनची वेळ आली का, हे बघायची सगळ्यात साधी तपासणी फुकटची आहे. टेबलावर पंजा पालथा टेकवायचा. सपाट टेकला तर थांबा. नाही टेकला, तर हाताचं ऑपरेशन करणाऱ्याला दाखवा. नुसती गाठ आहे म्हणून कुणी कापत नाही. बोटाचा तळव्याजवळचा सांधा साधारण 30 अंश वाकला की ऑपरेशनचा विचार सुरू होतो. मधला सांधा वाकायला लागला तर मात्र इतकी वाट बघत नाहीत, कारण तो फार दिवस वाकलेला राहिला की दोरी काढली तरी पुरता सरळ होत नाही. मामांची करंगळी मधल्या सांध्यात वाकली होती. म्हणजे वाट बघण्याचीही किंमत होती, आणि ती मामा भरत होते, कुणी पावती न देता.

नडायचं कुठं कुठं? मृदंगावर तर खरंच. शिवाय तोंड धुताना करंगळी डोळ्यात जायची. खिशातून हात काढताना खिसाच बाहेर यायचा. पांडुरंगापुढं हात जोडले की दोन तळव्यांच्या मध्ये चिमणी बसेल एवढी जागा. आणि आधारचं काय झालं ते ऐका. सरकारी योजनेसाठी कागद नीट हवेत म्हणून मामा ठसे नव्यानं द्यायला गेले. मशीनवर चार बोटं एकदम सपाट ठेवायची असतात. ऑपरेटर पोरगं म्हणतंय, "बाबा, बोटं सरळ दाबा." मामा म्हणतायत, "आरं, सरळ व्हत असती तर इथं कामून आलो असतो?" हाताच्या इलाजासाठी कागद, आणि कागदासाठी सरळ हात. अर्धा तास लाल दिवाच लागत होता.

गंध लावायला मात्र ती वाकलेली अनामिका छान चालते, असं मामी म्हणतात.

(छत्रपती संभाजीनगर. दवाखान्याबाहेरची गर्दी. मामींच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल.)

मार्ग दोन होते. तिसरा ऐकण्यापुरताच. दोरी विरघळवणारं एक इंजेक्शन आहे, अमेरिकेत 2010 साली त्याला परवानगी मिळाली, युरोपच्या बाजारातून कंपनीनं ते 2020 मध्ये काढून घेतलं. अंबडच्या माणसानं त्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता.

पहिला मार्ग सुईचा. तेवढाच भाग बधिर करायचा, सुईच्या टोकानं दोरी जागोजागी कुरतडायची आणि बोट ओढून ती तोडायची. टाके नाहीत, भरती व्हायचं नाही, काही दिवसांत हात कामाला. मामांना हा मार्ग फार आवडला. मग डॉक्टरांनी दुसरी बाजू सांगितली. नेदरलँड्समध्ये रुग्णांवर 5 वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. सुईनं मोकळ्या केलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के जणांचा आजार तेवढ्या काळात परत आला. दोरी कापून काढलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 21 टक्के. म्हणजे मोठं ऑपरेशन करूनही पाचातल्या एकाला परत. आजार मुळातून जात नाही, हे कुठल्याही कागदावर ठळक अक्षरात छापलेलं मी पाहिलं नाही. डॉक्टरांनी ते तोंडानं सांगितलं, दोनदा सांगितलं. ह्याबद्दल त्यांचे आभार.

दुसरा मार्ग चाकूचा. हात बधिर करून तळव्यापासून बोटापर्यंत नागमोडी चीर. सरळ चीर घेतली तर तिचा व्रणच आखडून बोट वाकवतो, म्हणून नागमोडी. आत खरी कसरत पुढंच आहे. बोटाला संवेदना देणारी नस ह्या दोरीला वेलीसारखी वेढा घालून बसलेली असू शकते, आपली जागा सोडून. दोरी कापताना ती तुटली तर बोट सरळ होईल पण त्याची एक बाजू बधिर राहील. मृदंग वाजवणाऱ्याला बधिर बोट काय कामाचं? मामांनी हे विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते टाळण्यासाठीच ह्या कामाला वेळ लागतो आणि सवयीचा हात लागतो."

पैशाचं आता. एका खासगी दवाखान्यानं कागदावर 62,000 लिहून दिले. मामी त्या आकड्याकडं बघतच राहिल्या. मग सरकारी दवाखान्याची चौकशी केली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची यादी असते, म्हणून आपलं ऑपरेशन त्या दवाखान्यात, त्या यादीत बसतं का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसाला, विचारायचं असतं. रेशन कार्ड सोबत न्यायचं. विचारताना आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या. आम्ही तोंडी सांगितलं आणि समोरच्यानं तीनदा "कोणतं ट्रेन?" असं विचारलं.

सरकारी दवाखाना ठरला. आकडा एकदम खाली आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. हायसं वाटलं नाही ते मामींना. त्यांनी वही काढली.

(क्लोज-अप: दोनशे पानी वही, निळं बॉलपेन.)

वहीत ऑपरेशनची एकच ओळ होती. खाली सगळं नंतरचं. टाके निघेपर्यंत 2 आठवडे हात कोरडा ठेवायचा. त्यानंतर बोटांचे व्यायाम, नाहीतर सरळ केलेला हात ताठरतो, मूठही जाते. फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, 6 आठवडे, म्हणजे 12 चकरा. अंबड ते जालना, जालना ते संभाजीनगर, आणि तसंच परत. एसटीत मामांना 65 च्या पुढचे म्हणून अर्धं तिकीट, मामींना बाई म्हणून अर्धं. दोघं मिळून एक माणूस, असं मामी म्हणाल्या. चहापाणी वेगळं. बागेत फवारणीला गडी, त्याची रोजंदारी. हुकलेल्या सप्ताहांचं मानधन. आणि शेवटी एक ओळ, समोर आकडा नसलेली: "ह्यांचं जेवण, अंघोळ, सदऱ्याच्या गुंड्या."

बेरीज ऑपरेशनच्या ओळीच्या कितीतरी पुढं गेली. मला विचाराल तर ह्या सगळ्या चित्रीकरणात दवाखान्याच्या अंदाजपत्रकापेक्षा खरा कागद हाच होता. एक खर्च त्यातून डॉक्टरांनी कमी करून दिला. रात्री बांधायची पट्टी, स्प्लिंट. मामींनी तिची किंमत विचारली होती. डॉक्टर म्हणाले, सरसकट सगळ्यांना रात्रीची पट्टी लावून फार फरक पडत नाही असं एका ब्रिटिश अभ्यासात दिसलंय, बोट पुन्हा वाकायला लागलं तर बघू. मामींनी ती ओळ खोडली.

मामांचा सवाल वेगळाच होता. "डॉक्टर साहेब, कणकेवर पंजा टेकंल का?"

डॉक्टरांनी बोटं पुन्हा एकेक करून उघडून बघितली. म्हणाले, "तळवा टेकेल. अनामिका जवळजवळ सरळ होईल. करंगळीचं वचन देत नाही. ती उशिरा आलीय."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेवढ्यात भागतंय."

पण लगेच तारीख मिळाली नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी केली, 9.4 निघाली. एवढ्या साखरेत जखम चिघळायची भीती. आधी ती उतरवा, मग या. जेठात हे ठरलं. मामांनी चहातली साखर सोडली, सप्ताहातली बुंदी सोडली, पहाटे बागेभोवती फेऱ्या सुरू केल्या. आषाढीची वारी केली. भादव्यात पुन्हा तपासलं तर 7.6. तारीख मिळाली, ती नेमकी पितृपक्षातली.

मामी बिथरल्या. "पितरात चाकू लावायचा का हाताला?" मामांचा हिशोब साधा होता. पितृपक्षात गावात सप्ताह नाही, कुणाचं कीर्तन बुडणार नाही. बाग व्यापाऱ्याला दिलेली, फळं तोच उतरवून नेणार. दत्तजयंतीच्या सप्ताहापर्यंत हात तयार. दोन दिवस घरात कुणी कुणाशी फार बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मामींनी फाईल पिशवीत घातली आणि वरून आजोबांच्या नावानं एक नारळ फोडला.

(पहाट. अंबडचं बसस्थानक. मामा, मामी. कंडक्टर तिकीट फाडून देतो.)

"एक ज्येष्ठ, एक महिला," मामी सांगतात. खिडकीकडची जागा मामांना देतात. गाडी जालना रस्त्याला लागते. फाईल मामांच्या मांडीवर, आणि तिच्यावर त्यांचा डावा हात. करंगळी आत वळलेली, बाकीची बोटं हलतायत. पिशवीचं प्लॅस्टिक वाजतं, ठेका ओळखीचा आहे. मामी त्या हातावर आपला हात ठेवून तो दाबून धरतात.

"आता कशाला?"

"सहा हप्ते बंदच ठेवायचाय की. वाजवू दे."

मामी हात काढून घेतात.