ग्राहकांना स्वतःची क्वेरी चालवू देताना

नमस्कार. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार रिपोर्ट कितीही दिले, तरी दुकानदाराला हवा असलेला नेमका त्यात नसतोच, आणि मग ‘आम्हालाच क्वेरी (डेटाबेसला माहिती विचारणारी आज्ञा) लिहू द्या’ अशी मागणी येते. ती मान्य करायला हरकत नाही. मात्र क्वेरीचा मजकूर तपासून काम भागेल, ही समजूत आधी सोडून द्यावी लागते.

उदाहरणार्थ, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘विथ’च्या कंसात ‘डिलीट’ (नोंदी पुसण्याची आज्ञा) लिहून शेवटी ‘सिलेक्ट’ (नोंदी वाचण्याची आज्ञा) जोडले, तर दिसायला साधी असलेली ती क्वेरी नोंदी उडवून मोकळी होते. म्हणून अशा क्वेरींसाठी वेगळा रोल, म्हणजे डेटाबेसमधले मर्यादित अधिकारांचे खाते, तयार करावा आणि त्याला मोजक्याच टेबलांवर वाचनाचा अधिकार द्यावा, म्हणजे नकार देण्याचे काम डेटाबेसच करतो.

खरी गोम पुढे आहे. आपल्या अनेक ग्राहकांची, म्हणजे दुकानदारांची, बिले एकाच टेबलात असतील, तर 2016 साली आलेल्या 9.5 या आवृत्तीपासून रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारी सोय, वापरता येते. पुष्कळ ठिकाणी ग्राहक क्रमांक सेशनच्या (चालू कनेक्शनच्या) सेटिंगमध्ये ठेवतात आणि पॉलिसी, म्हणजे ओळी गाळण्याचा नियम, प्रत्येक ओळीची त्याच्याशी तुलना करते. क्वेरी आपणच लिहीत असतो तोवर हे ठीक चालते. पण सेटिंग बदलणारे ‘सेट_कॉन्फिग’ हे फंक्शन मुळात सर्वांनाच खुले असल्यामुळे, 17 क्रमांकाचा ग्राहक आपल्या क्वेरीतूनच ते सेटिंग 18 करून शेजारच्या दुकानाची बिले वाचू शकतो. त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लॉगिन रोल द्यावा आणि पॉलिसीने कनेक्शन कोणाच्या नावाने उघडले तेच पाहावे. व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) वापरत असाल तर आणखी सावध राहा, कारण तो एरवी स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालतो; क्वेरी करणाऱ्याचे अधिकार लावण्याची सोय 15 व्या आवृत्तीत आली.

वेळेच्या मर्यादेचेही तसेच आहे. चालू क्वेरीचा टाइमआउट आधीच सुरू झालेला असतो, पण त्याच ‘सेट_कॉन्फिग’ने तो शून्य केला, तर पूलमधल्या (पुन्हापुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांमधल्या) त्या कनेक्शनवर येणारी पुढची क्वेरी बेलगाम सुटते. प्रत्येक क्वेरीनंतर कनेक्शन सरळ बंद करावे, हे मला अधिक भरवशाचे वाटते.

आणि हे सारे रेप्लिकावर, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर, चालवावे, म्हणजे एखाद्याच्या वर्षभराच्या रिपोर्टपायी काउंटरवरची बिले अडत नाहीत. तिथे मुख्य सर्व्हरवरून येणाऱ्या बदलांच्या आड येणारी लांबलेली क्वेरी पोस्टग्रेस स्वतःच रद्द करू शकतो. त्यासाठीची मूळ मुदत 30 सेकंदांची आहे. अशा वेळी कच्चा एरर न दाखवता, ‘तारखांचा आवाका कमी करून पुन्हा प्रयत्न करा’ असा मराठीत संदेश द्यावा.