गळ्यातली गाठ, पण स्नायूची

जबड्याखाली हाताला एक गाठ लागते, दाबली तर दुखत नाही, आणि आठवून बघितलं तर ती बरीच वर्षं तिथेच आहे. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, नुसता आवाज घोगरा होतो, घास अडकल्यासारखा वाटतो, घोरणं वाढतं.

या गाठीचं नाव रॅबडोमायोमा. स्नायूची गाठ, आणि कॅन्सर नाही, हे आधीच सांगून टाकते कारण रॅबडोमायोसार्कोमा नावाचा कॅन्सर आहे, नाव जवळजवळ तेच, रिपोर्टवर अर्धवट वाचलं तरी माणूस हादरतो. एरवी शरीरात साध्या गाठी जास्त आणि कॅन्सरच्या कमी, पण या स्नायूंचं उलटं आहे, इथे कॅन्सरच जास्त सापडतो, साधी गाठ दुर्मिळ. तो कॅन्सर जास्त करून लहान मुलांना होतो, आणि आपण बोलतोय ती मोठ्यांमधली गाठ बहुतेक चाळिशीनंतरची, बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त. घसा, स्वरयंत्र, जिभेचा मागचा भाग, जबड्याखाली, या तिच्या नेहमीच्या जागा.

खरी पंचाईत तपासणीत होते. सुई घालून पेशी काढल्या तर स्लाईडवर काय दिसतं, तर स्नायू! मग वाटतं सुई चुकून शेजारच्या स्नायूत गेली, गाठीत गेलीच नाही, आणि परत सुई टोचली जाते. कॅन्सर शोधायला करतात त्या पेट स्कॅनमध्येही ही साधी गाठ कधीकधी कॅन्सरसारखी चमकते, तेव्हा घरात काय होत असेल कल्पना करा.

म्हणून जरा मायक्रोस्कोपमधून बघू. मोठमोठ्या गुलाबी पेशी, आत बारीक दाणे. त्यात मध्येच काही पेशी पोकळ दिसतात, कारण आत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, स्लाईड बनवताना धुऊन जातं आणि उरतात ते बारीक धागे, मधल्या केंद्रकापासून कडेपर्यंत ताणलेले, अगदी पाय पसरून बसलेल्या कोळ्यासारखे. पॅथॉलॉजिस्ट त्यांना स्पायडर सेलच म्हणतात. नीट शोधलं तर स्नायूचे आडवे पट्टेही सापडतात, आणि डेस्मिन या स्नायूतल्या प्रथिनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की गाठ स्नायूचीच, हे पक्कं होतं.

उपाय ऑपरेशन, गाठ पूर्ण काढायची. घशात खोलवर नसांच्या शेजारी असली तर ते नाजूक काम आहे, आणि थोडी जरी मागे राहिली तर काही वर्षांनीही परत वाढू शकते. कधी एकाच मानेत दोन-तीन गाठी असतात, त्यामुळे एमआरआयमध्ये दुसरी बाजूही नीट बघून घ्यायची.