आठ ठिपक्यांची रांगोळी

[दृश्य: राजवाडा, गेर]
फाल्गुन वद्य पंचमी. इंदूरला होळीपेक्षा हिचंच कौतुक जास्त. राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पोचलीय, टँकरमधून रंगाचे फवारे उडतायत.

[दृश्य: अंगण, आजींचं बोट]
मागच्या गल्लीतल्या या वाड्यात मात्र रंग जपून चाललाय. तीन नातवंडं डोळे मिटून बसलीत. आजी प्रत्येकाच्या कपाळाला ओलं बोट टेकवतात. थोरल्याला आणि मधल्याला हिरवा रंग, धाकटीला नुसतं पाणी. आरसा आधीच भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. डोळे उघडले की दुसऱ्यांची कपाळं दिसतात, आपलं नाही.

"निदान एकाच्या कपाळाला रंग आहे हं!"

यात नवं काय? तिघांनाही ते दिसतच होतं. पण मधल्याला दिसतंय का, हे थोरल्याला कुठे ठाऊक होतं? आता झालं.

"कुणाला आपलं कळलं?" एकही हात नाही.
"आता?" दोन हात वर.

[दृश्य: रांगोळी, वरून]
ही रांगोळी गणित शिकणाऱ्या मोठ्या नातीची. तीन कपाळं, शक्यता ८, म्हणून ८ ठिपके. ज्या दोन ठिपक्यांतला फरक एखाद्याला कळत नाही, त्यांच्यामध्ये त्याच्यासाठी ठरवलेल्या रंगाची रेघ. आजी बोलल्या आणि 'कुणालाच रंग नाही' हा ठिपका पुसला गेला. मग कुणी हात वर केला नाही, तर 'एकालाच रंग' असे ३ गेले. उरले ४. त्यांत ज्याला समोर एकच रंगलेलं कपाळ दिसतं, त्याला आपलंही रंगलेलं आहे हे कळतं. नुसत्या गप्प बसण्याने ३ ठिपके जातात, म्हणून हा शॉट आम्ही पुन्हापुन्हा घेतला. दर वेळी रांगोळी नवी.

ज्ञानाचं हे तर्कशास्त्र फिनलंडचे तत्त्वज्ञ याक्को हिंटिक्का यांनी १९६२ मध्ये मांडलं. जाहीर घोषणेचा, म्हणजे आपल्या दवंडीचा, हिशोब १९८९ मध्ये तर्कशास्त्राचे अभ्यासक यान प्लाझा यांनी बसवला.

[दृश्य: धाकटी गॅलरीकडे पळते]
दुसरी फेरी. कपाळं पुसून आजी पुन्हा बोट टेकवतात. रंग तसेच, पण मुलांना ते ठाऊक नाही. आजी बोलणार तेवढ्यात बाहेर ढोल वाजतो नि धाकटी पसार. परत येते ती आजी अजून बोलल्याच नाहीत अशा समजुतीत. बाल्टाग, मॉस आणि सोलेकी या अभ्यासकांनी १९९८ मध्ये अशा वेळी घटनेचीच वेगळी रांगोळी काढली. 'आजी बोलल्या' आणि 'काहीच झालं नाही', असे दोन ठिपके. धाकटीची रेघ पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाते, बाणासारखी, परत येत नाही. ही रांगोळी जुनीशी गुणली, म्हणजे प्रत्येक जुन्या ठिपक्याची या दोघांशी जोडी लावली, की पहिल्याचे ७ (कुणालाच रंग नसेल तर आजी तसं बोलणारच नाहीत), दुसऱ्याचे ८, मिळून १५. दादा लोक त्या सातांत, धाकटी मनाने अजून आठांत.

यंत्रमानवांच्या नियोजनात, संगणकांच्या जाळ्यांत हेच गणित लागतं.

[दृश्य: धाकटीचा चेहरा]
आजी दोनदा विचारतात, आणि दुसऱ्यांदा दोन हात वर होतात. धाकटी आधी दादांकडे बघते, मग आरशाकडे.

"चीटिंग! आरशात पाहिलंत ना?"