नवी गाडी आणि पिवळा दिवा

श्रोतेहो, नमस्कार. दसऱ्याला नवी दुचाकी घेतलेल्यांनी जरा इकडं कान द्या. आज बोलायचंय मीटरमधल्या दिव्यांबद्दल.

पहिली गोष्ट. चावी फिरवली की मीटरमधले दिवे एकदम पेटतात. घाबरू नका, दिवे चालू आहेत की नाहीत हे गाडी स्वतःच तपासून बघत असते. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा गाडी स्टार्ट झाली की विझतो. एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा मात्र स्टार्ट करून विझत नाही, गाडी थोडी पुढं गेली की मगच विझतो. पुन्हा सांगतो, एबीएसचा दिवा गाडी चालल्यावर विझतो. माझा भाचा हे विसरला आणि त्यापायी मी जो घाम गाळलाय, तो आता ऐका.

भाच्यानं ३५० सीसीची गाडी घेतली. अंबाबाईचं दर्शन झालं, दसरा चौकात सोनं लुटून झालं, दुसऱ्या दिवशी जोतिबाला जाऊन आला. संध्याकाळी चेन पुसायला गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन चालू ठेवून पहिला गिअर टाकला आणि मागचं चाक गरागरा फिरवत बसला. मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला. गिअर काढला तरी विझेना.

झालं! ताई म्हणाली, दृष्ट लागली. दाजी म्हणाले, पेट्रोलात पाणी असणार. शेजारच्यांनी बॅटरीची वायर काढायचा सल्ला दिला, तेवढी मी काढू दिली नाही. शेवटी ठरलं, की दिवा असताना गाडी चालवली तर वॉरंटी जाईल, म्हणून ढकलत न्यायची. हे डोकं कुणाचं? माझंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यापासून उद्यमनगरापर्यंत आम्ही मामा-भाचे गाडी ढकलत निघालो. पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड, त्यावर झेंडूचा हार तसाच. मिरजकर तिकटीला दोघांनी विचारलं, "पेट्रोल संपलं काय?" भाचा मान खाली घालून चालत होता. उमा टॉकीजच्या चौकात तर एकानं पेट्रोलची बाटलीच पुढं केली. "घ्या ओ, लाजताय काय!" आपल्या गावाचं हे असं आहे. रस्ता विचारला तर माणूस घरापर्यंत सोडून येतो, आणि मिसळीबरोबर पाव मागितला तर मात्र असा बघतो, की आपण काही गुन्हाच केलाय. आणि बरोबरच आहे त्याचं, मिसळीला ब्रेडच पाहिजे. असो.

उद्यमनगरातला मिस्त्री माझ्या ओळखीचा. आमची अवस्था बघून म्हणाला, "ढकलत का आणलीसा?" मी दिव्याचं सांगितलं. त्यानं चावी फिरवली, स्टार्ट मारला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. दिवा गायब! भाच्याकडं बघून एवढंच विचारलं, "काल स्टँडवर चाक फिरवलंस काय रे?"

कारण साधं आहे. एबीएसचा कंट्रोलर दोन्ही चाकांचा वेग बघत असतो. मागचं चाक पळतंय आणि पुढचं जागेवर, म्हटल्यावर त्याला वाटतं पुढचा सेन्सर गेला, म्हणून तो दिवा लावतो. चावी बंद करून पुन्हा चालू करा, थोडी चालवा, विझतो. चालवूनही विझला नाही, तर ब्रेक नेहमीसारखे लागतात, फक्त एबीएस काम करत नाही. हळू चालवत सर्व्हिस सेंटरला न्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा हा दिवा आता घरोघरी आलाय. चेन पुसायची तर इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि चाक हातानं फिरवा. बोटंही शाबूत राहतात.

इंजिनचा पिवळा दिवा चालत्या गाडीत लागून राहिला, तर स्वतः खोलू नका, दाखवून घ्या. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र जागेवर थांबा, इंजिन बंद. पिवळा म्हणजे दाखवा, लाल म्हणजे थांबा. आणि नव्या गाडीचा सायलेन्सर बदलून गल्ली उठवणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एक दिवा मीटरमध्ये असायलाच पाहिजे होता!

मिस्त्रीनं चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. येताना आम्ही ऐटीत गाडीवर बसून. उमा टॉकीजच्या चौकात तोच बाटलीवाला दिसला, त्यानं लांबनंच हात केला, "घातलं काय पेट्रोल?"

भाचा म्हणाला, "होय काका, फुल्ल."

नमस्कार.