करवत बिघडते पावसाळ्यात, बोंबलते थंडीत

मंडळी, पत्रिकेवर 'थंडीत चालू न होणारी चेनसॉ : दोष आणि दुरुस्ती' असं छापलंय; चेनसॉ म्हणजे आपली पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. म्हणजे मी सांगायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं. पण निम्मा वेळ सत्कारातच गेला, तेव्हा लिहिणाऱ्यांनी हात जरा मोकळे करून ठेवा. आणि आधीच विनंती, नाशिकच्या तपोवनातल्या झाडतोडीच्या वादाबद्दल मला काही विचारू नका. करवत दुरुस्त करणारा माणूस त्यात पडला तर दोन्ही बाजूंचा मार खाईल. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे, की निफाडच्या थंडीला उगाच बदनाम करू नका. आपला पारा पाच-सहावर आला की आपण कानटोप्या काढतो. ही मशिनं जर्मनी-स्वीडनकडची, तिथं बर्फात लाकूड तोडतात. थंडी फक्त चुगली करते. मशीन आजारी पडलेलं असतं आषाढ-श्रावणात, तुमच्याच शेडमध्ये.

गेल्या हिवाळ्यात पिंपळगावकडच्या एका नानांनी भल्या पहाटे बोलावलं. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवलेल्या. शेकोटीला लाकूड हवं, लाकूड म्हणजे बांधावर आडवी पडलेली बाभूळ, आणि बाभूळ कापायचं मशीन स्टार्ट घेईना. मी पोचलो तेव्हा दोरी ओढायला रांग लागली होती. नाना, त्यांचा मुलगा, दोन गडी, शिवाय दूध घालायला निघालेला एक जण गाडी उभी करून ओढायला आला! प्रत्येकाचा एकच समज, की आधीच्याच्या मनगटात दम नाही. एकानं तर शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून आणले, मशिनाला शेक द्यायला. पेट्रोलच्या टाकीला! ते घमेलं आधी लांब ठेवायला लावलं, मग बोललो.

तेवढ्यात एका आजोबांनी सुचवलं, "तिरकं करा, तिरकं." इथं बसलेल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी बजाजची स्कूटर सकाळी तिरकी केलेली आहे, हसू नका. तिच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, तिरकी केली की पेट्रोल पुढं सरकायचं. करवतीला फ्लोटच नाही. ती आडवी, उभी, उलटी कशीही धरून चालवायची असते. म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये पातळ पडदे असतात, डायफ्रॅम. एक पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतल्या, दाबाच्या धक्क्यांवर पेट्रोल ओढतो, दुसरा वाकून सुई हलवतो आणि पेट्रोलची वाट उघडतो. तिरकं केलंत तर हात दुखेल, बाकी काही नाही.

नाना म्हणाले, "अहो, काल दुपारी एका दोरीत चालू झालं होतं." हे वाक्य मला फार आवडतं. गरम असताना पेट्रोलची वाफ सहज होते, थोडक्या पेट्रोलवर भागतं. थंड असताना जास्त पेट्रोल लागतं, चोक त्यासाठीच आहे. म्हणजे गरम चालतं आणि थंड चालत नाही, तेव्हा बहुतेक वेळा पेट्रोल कमी पोचतंय किंवा त्यातली लवकर पेटणारी हलकी वाफ उडून गेलीय. मी कॅन मागितला. बुचाऐवजी प्लास्टिकची पिशवी कोंबलेली. वास घेतला तर पेट्रोलचा कमी आणि रंगाच्या दुकानाचा जास्त. "कधीचं?" "गणपतीच्या आधीचं असेल." या करवतीला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालतात, ते मिश्रण तोवर जानेवारी बघत होतं!

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर कॅन उघडा राहिला आणि पाणी पुरेसं शिरलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर कुठं असतो? तळाशीच. त्या थरात ऑईलही नसतं, म्हणजे चालू झालं तरी पिस्टनचं मरण. शिवाय जुनं पेट्रोल आत सुकलं की पडदा कडक होतो, नीट वाकत नाही. आणि ऑईलचं काय विचारता! "किती टाकता?" "एक बूच." कुठल्या बाटलीचं बूच, ते बूचच जाणे. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल, मापाच्या भांड्यानं. जास्त टाकलं तर प्लग काळा पडतो. तुमच्या मशिनाच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. पुस्तक सापडत नाही म्हणताय? खोक्यातच असतं, खोकं कोंबड्यांना दिलंत. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. ठीक. भराभर सांगतो.

मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या मुठीत. हातात लोंबकळत ठेवून ओढायचं नाही. फुल चोक. एकदा 'फट्' झालं की लगेच अर्धा चोक, मग ओढा. पुष्कळ जण ते 'फट्' ऐकत नाहीत, फुल चोकवरच ओढत राहतात आणि मशीन पेट्रोलनं भरतं.

नाही झालं, तर प्लग काढा. ओला असेल तर स्विच बंद, चोक बंद, मशीन आडवं करून थोड्या दोऱ्या ओढा, प्लग पुसून लावा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही: टाकीतला फिल्टर बघा, रबरी नळी वाकवून चिरा बघा, मग डायफ्रॅमचं किट बदला. संपूर्ण कार्ब्युरेटर लगेच विकत घेऊ नका, नानांना एकानं तो आधीच विकला होता. प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर. एअर फिल्टर झटका, सायलेन्सरच्या जाळीतली काजळी काढा. एवढं करून दोरी हलकीच येत असेल, दाबच लागत नसेल, तर पिस्टन-रिंग बघायला कारागिराकडे न्या.

आणि काम संपलं की महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, मशीन बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा. मिश्रण लागेल तेवढंच करा, कॅनला बूच लावा.

काय म्हणताय, आत्ता चालू करून दाखवा? दाखवतो, पण हॉलमध्ये नाही. अध्यक्षांना धूर सोसणार नाही. बाहेर चला, आणि मशीन कुणाचं आहे त्यानं कॅनही घेऊन यावं.