घरात पाळणा हलण्याआधी

डोहाळजेवणाची तयारी सुरू झाली की मांजर पाळणाऱ्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: आता मांजराचं काय करायचं? सासूबाई म्हणतात, कोणाला तरी देऊन टाका. शेजारची कोणी सांगते, मांजराच्या केसांनी घटसर्प होतो. आणखी कोणी सांगतं, मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं. आधी या दोन समजुतींबद्दल बोलू या, कारण मनात भीती असली की तयारी चुकीच्या दिशेने होते.

घटसर्प हा जिवाणूंचा आजार आहे आणि तो माणसाकडून माणसाला होतो. मांजराच्या केसांचा त्याच्याशी संबंध नाही. बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना जी पेंटाव्हॅलंट लस देतात तिच्यात घटसर्पाचं संरक्षण असतं. ती वेळेवर द्या. श्वास ओढण्याची गोष्टही खरी नाही, पण ती जिथून निघाली ते निरीक्षण मात्र खरं आहे. मांजर ऊब शोधतं. नवजात बाळाचं अंथरुण ही घरातली सर्वांत उबदार आणि मऊ जागा असते, आणि तिथे दुधाचा वासही येतो. मोठं मांजर साडेतीन ते पाच किलोचं, म्हणजे बाळाच्या वजनाचं किंवा त्याहून जास्त. ते मायेनेच बाळाच्या मानेशी वेटोळं करून झोपलं, तर पहिल्या तीन-चार महिन्यांतलं बाळ त्याला ढकलू शकत नाही आणि स्वतःचं तोंडही नीट बाजूला घेऊ शकत नाही. मांजराच्या मनात काही वाईट नसताना हा अपघात होऊ शकतो. म्हणून नियम एकच: झोपलेलं बाळ आणि मांजर एका खोलीत, आणि जागं मोठं माणूस तिथे नाही, असं एक मिनिटही होऊ द्यायचं नाही. बाळाशेजारी झोपी गेलेली आई ही राखण नव्हे. रात्रभर दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. राखण दाराने करायची.

दाराची व्यवस्था गर्भारपणाच्या सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण झाली पाहिजे. त्यामागे कारण आहे. मांजर माणसांपेक्षाही जागेला आणि सवयीला धरून असतं. बाळ आल्या दिवशी खोली बंद केलीत, तर मांजराला एकाच वेळी दोन धक्के बसतात: घरात अनोळखी आवाज आला आणि हक्काची जागा गेली. महिना-दोन महिने आधी बंद केलीत, तर बाळ येईपर्यंत त्याने दुसरी जागा शोधलेली असते. ती जागा तुम्हीच द्या: कपाटाच्या माथ्यावर जुनी सतरंजी, खिडकीशी फळी, उंचावरची एखादी टोपली. उंचावर बसायला मिळालं की मांजर शांत राहतं.

बंद लाकडी दारापेक्षा जाळीचं दार चांगलं. मांजराला आत दिसतं, वास येतो, कुतूहल शमतं, आणि आईला बाळाचा आवाज ऐकू येतो. जाळी ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची घ्या. प्लॅस्टिकची डासांची जाळी मांजर एका दुपारीत फाडतं. दाराला दाबून उघडायची मूठ असेल तर मांजर तिला लोंबकळून दार उघडतं, म्हणून वर वेगळी कडी बसवा. आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती कडी दाखवून ठेवा, विशेषतः बाळाला तेल लावायला येणाऱ्या बाईंना. आंघोळ, शेक, धुरी या गडबडीत कोमट पाणी आणायला कोणी आत-बाहेर करतं आणि दार उघडं राहतं. शेगडी पेटलेल्या खोलीत तर मांजर हटकून येतं.

चाळीतल्या खोलीत किंवा एका खोलीच्या घरात वेगळं दार आणायचं कुठून? तिथे उलटं करावं. बाळ मोकळं आणि मांजर रात्री बंद. स्वयंपाकघराला दार असेल तर तिथे, नाहीतर साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पिंजऱ्यात. त्यात अंथरुण, पाणी आणि छोटा लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, बसतो. मात्र आणल्या रात्रीच कडी लावाल तर ते ओरडून घर जागं करेल. आधी दोन आठवडे पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून रात्रीचं जेवण आतच द्या. मग जेवताना दार लोटा, मग तासभर, मग रात्रभर. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या टोकाला पीस बांधून त्याला पळवा आणि त्यानंतर दिवसातलं सगळ्यांत मोठं जेवण द्या. शिकार, पोटभर खाणं, अंग चाटणं, झोप असा मांजराचा क्रमच आहे, त्यामुळे रात्र शांत जाते.

पाळणा आणि झोळी. बाळ येण्याआधी पाळणा सजवून महिनाभर मोकळा ठेवायचा हा मोह टाळा, कारण तेवढ्यात मांजर तो आपला समजू लागतं. पाळणा खोलीत असेल तर खोली बंद, किंवा पाळण्यात मोठी परात उलटी घालून ठेवा, म्हणजे बसायला जागाच उरत नाही. मच्छरदाणीवर भरवसा नको. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी डासांसाठी केलेली आहे. चार किलोचं मांजर वरून उडी मारतं तेव्हा ती बाळाच्या तोंडावर खचते, आणि हे मच्छरदाणी नसण्यापेक्षा वाईट. झोळीत तर कापड सगळीकडून आत येतं, मांजर आत शिरलं की ते आणि बाळ तळाशी एकमेकांना चिकटतात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खिडक्यांकडेही पाहावं. गजांमधून बाहेरचा बोका सहज आत येतो. तो आपल्या मांजराशी भांडतो, आणि खवळलेलं मांजर बोक्यावरचा राग जवळ असेल त्याच्यावर काढतं. असं मांजर, डोळे मोठे, शेपटी फुललेली, कान मागे, दिसलं तर उचलू नका. बाळाला घेऊन बाहेर पडा, दार लावा. शांत व्हायला त्याला काही तास लागू शकतात.

आता आरोग्य. आठव्या महिन्याच्या आत मांजर एकदा पशुवैद्याकडे नेऊन आणायचं. रेबीजची लस झालेली नसेल तर ती प्रसूतीच्या किमान महिनाभर आधी, कारण पहिल्या लसीनंतर पुरेसं संरक्षण यायला तीन-चार आठवडे लागतात. मग दर वर्षी, किंवा तुमचे पशुवैद्य सांगतील तसं. जंतांचं औषध दर तीन महिन्यांनी. पिसवांचं औषधही हवं, कारण मांजराच्या ओरखड्यातून जो ताप येतो त्याचे जिवाणू पिसवांमुळेच एका मांजरातून दुसऱ्यात जातात. मानेवर टाकायचं औषध मांजराचंच घ्या. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्याने मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. कान, तोंड, पंजे यांवर केस गेलेले गोल चट्टे असतील तर नायटा असू शकतो. तो बाळाला लगेच लागतो, म्हणून पूर्ण बरा होईपर्यंत मांजर वेगळं. नसबंदी राहिली असेल तर तीही आधीच उरका.

गर्भारपणात मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होण्याची भीती योग्य आहे, पण ती नीट समजून घ्या. पहिल्यांदा संसर्ग झालेलं मांजर एक ते तीन आठवडे विष्ठेतून या परजीवीची अंडी टाकतं, आणि ती अंडी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणून ट्रे रोज साफ केला, तर धोका पुष्कळ कमी होतो. हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावं, दुसरं कोणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. आणि अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर, कुंडीतली माती यांतूनही हाच संसर्ग होतो, ते विसरून फक्त मांजराला घराबाहेर काढण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे इथे दोन मांजरांचा विचार करावा लागतो. माहेरचं मांजर बहुधा अंगणातलं, गच्चीवरून फिरून येणारं, लस न घेतलेलं. त्याला लस द्या आणि बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना येऊच देऊ नका. सासरचं मांजर या काळात बाळाच्या वडिलांबरोबर एकटं, शांत घरात राहिलेलं असतं. तिथली तयारी वडिलांनी करायची. बाळाच्या रडण्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मागवा. आधी अगदी हळू, मांजर जेवत असताना लावा. ते जेवण सोडून गेलं, तर आवाज जास्त झाला. दोन आठवड्यांत हळूहळू खऱ्या आवाजापर्यंत या. बाळाने वापरलेलं एखादं कोरडं दुपटं आणून मांजर बसतं तिथे ठेवा, हुंगू द्या. लिटर ट्रे हलवायचा असेल तर रोज फूटभर सरकवत न्या. एकदम जागा बदलली, तर ते जुन्याच जागी करतं आणि दोष बाळाच्या आगमनाला लागतो.

घरी आल्यावर बाळ दुसऱ्या कोणाकडे द्या आणि आईने आधी मांजराला भेटावं. त्याला इतक्या दिवसांनी ती दिसते आहे. नंतर बाळाला मांडीवर घेऊन बसा, मांजर आपणहून आलं तर पायाशी हुंगू द्या. त्याला उचलून बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नका, मागे जायला वाट नसलेलं मांजर पंजा मारतं. बारशाच्या दिवशी मात्र ते सकाळपासून बंद खोलीत, पाणी आणि ट्रेसह.

काही वस्तूंबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्या बाळाच्या खोलीत असतातच. मनगटाचा काळा दोरा, करगोटा, कुंचीच्या नाड्या: लोंबणारं टोक दिसलं की मांजर झडप घालतं आणि नखं बाळाच्या कातडीत जातात. गाठीशी टोक कापून टाका. तोच दोरा मांजराने गिळला तर त्याचं आतडं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या. दुसरी वस्तू पॅरासिटामॉल. लसीनंतर तापासाठी दिलेली बाटली उशाशी राहते. मांजराच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही, थोड्या मात्रेनेही हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड सुजतं आणि जीव जातो. बाळाचे व्हिटॅमिन डीचे थेंब, कापूर, निलगिरीचं तेल हेही बंद कपाटातच. कापूर बाळालाही विषारीच आहे, तो पाळण्याला बांधू नका.

एवढं करूनही ओरखडा किंवा चावा झालाच तर: लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. बाळ रडेल, तरी घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका, पट्टी आवळू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. मांजर घरचं आहे, लस झालेली आहे, हे डॉक्टरांना सांगा, निर्णय त्यांना घेऊ द्या. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, आणि शिवाय रेबीजची लस लागू शकते, ती दंडाऐवजी बाळाच्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. या लसीला वयाची अट नाही, नवजात बाळालाही ती देता येते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण उपचार त्यासाठी थांबवू नका. मांजराचा दात सुईसारखा असतो, वरून टिंब दिसतं आणि जिवाणू खोल जातात. काही तासांत लाली-सूज आली, तर अँटिबायोटिक लागेलच.

मांजराकडेही पाहत राहा. ट्रेबाहेर शू करणं, पोटाचे केस चाटून उडवणं, दिवसभर पलंगाखाली बसणं ही ताणाची लक्षणं आहेत. त्यावर रागावून उपयोग नाही, जेवणाच्या वेळा पूर्ववत करा आणि घरातल्या एकाने रोज दहा मिनिटं फक्त त्याच्यासाठी ठेवा. बोका वारंवार ट्रेवर बसतो आणि शू होत नाही असं दिसलं तर ते ताणावर सोडू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असतो, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं.

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ रांगायला लागलं की सगळं पुन्हा मांडायचं. आता बाळ मांजराकडे जाईल. ट्रे आणि मांजराची ताटली अशा जागी न्या जिथे मांजर पोचेल, बाळ नाही: कमरेइतक्या कपाटावर, किंवा बाळ अडेल आणि मांजर उडी मारून जाईल अशा फाटकापलीकडे. बाळाचा हात धरून, तळवा उघडा ठेवून, पाठीवरून हात फिरवायला शिकवा. शेपटी आणि पोट सोडून.