खड्ड्यातून निघालेलं आक्रमण

मंडळी, २२ डिसेंबर १९५८ला, सोमवारी रात्री, बीबीसीवर एक मालिका सुरू झाली. नाव ‘क्वेटरमास अँड द पिट’. सहा सोमवार, सहा भाग, २६ जानेवारी १९५९ला समाप्त. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रूडॉल्फ कार्टिए. आज ती डिस्कवर नीट साफसूफ करून मिळते आणि घरी बसून निवांत पाहता येते. अशी पाहिली की तिच्यातलं जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते सांगायला मी इथे उभा आहे. शेवटही सांगणार आहे. कथेचं रहस्य कळल्याने ही मालिका जराही फिकी पडत नाही, उलट दुसऱ्यांदा पाहताना जास्त अंगावर येते.

परग्रहावरून आक्रमण झाल्याच्या कथेत सहसा कुणीतरी येतं. इथे कुणीच येत नाही. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात नव्या इमारतीसाठी खोदकाम चाललेलं असतं, एका मजुराला मातीत कवटी सापडते. रोनी नावाचे पुराजीवशास्त्रज्ञ ती पन्नास लाख वर्षं जुन्या मानवसदृश प्राण्याची ठरवतात. आणखी खोदल्यावर त्याच थरात एक गुळगुळीत धातूसारखी वस्तू लागते. युद्धातला न फुटलेला जर्मन बॉम्ब असणार, असं वाटून लष्कराला बोलावतात. रोनी आपल्या मित्राला, रॉकेटतज्ज्ञ प्राध्यापक क्वेटरमासला, बोलावतात. पुढे आणखी एक कवटी मिळते, अखंड, आणि अशा ठिकाणी की त्या वस्तूच्या आधी किंवा नंतर ती तिथे पोहोचणं शक्यच नाही. म्हणजे वस्तूही पन्नास लाख वर्षांची.

नील यांची खरी करामत या शोधाच्या पद्धतीत आहे. पहिले तीन भाग जवळजवळ संपूर्ण पुराव्यांवर चालतात. मातीचे थर, हाडं, समोरचं ओसाड घर, त्याच्या भिंतीवरचे ओरखडे, तिथे पूर्वी काय घडलं हे आठवणारी म्हातारी माणसं, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि तिथून मागे मागे जात मध्ययुगातली लॅटिन कागदपत्रं. प्रत्येक नोंदीत तेच: इथली जमीन कुणी उकरली की लोकांना भुतं दिसतात. क्वेटरमास आणि रोनी यांची सहकारी बार्बरा जड हे सगळं ग्रंथालयात बसून जुळवतात. राक्षसाचा पाठलाग नाही, पिस्तूल नाही, आणि तरी प्रत्येक कागद उलगडताना पोटात गोळा येतो. नील वाढले आइल ऑफ मॅनवर. त्या बेटावर भुताखेतांच्या, वेताळांच्या कथा आजीच्या तोंडी असतात. लोककथा हा त्यांच्यासाठी पुरावा होता, आणि पुराव्यासारखीच ते ती हाताळतात. लोकांनी शतकानुशतकं जे पाहिलं ते खरोखर पाहिलं, फक्त त्याचा अर्थ त्यांना लावता आला नाही, ही मूळ भूमिका. सामान्य माणसाच्या अनुभवाविषयीचा एवढा आदर मला विज्ञानकथांमध्ये फार कमी आढळतो.

त्या वस्तूचा बंद कप्पा उघडतो तेव्हा आत तीन पायांचे, शिंगांसारखे अवयव असलेले मोठे कीटक मिळतात. मेलेले, आणि हवा लागताच सडू लागलेले. क्वेटरमासचा निष्कर्ष असा: हे मंगळावरचे. मंगळ मरत होता, पृथ्वीवर त्यांना स्वतःला राहता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी इथले वानर नेले, त्यांचे मेंदू बदलले आणि परत आणून सोडले. आपल्या नसलेल्या देहांतून आपली वसाहत. आक्रमण झालं, यशस्वी झालं, आणि त्याचे वंशज खड्ड्याच्या काठावर उभे राहून बघताहेत.

आता एक प्रसंग जरा जवळून पाहू. चौथ्या भागात स्लॅडन नावाचा ड्रिल चालवणारा कारागीर आपली यंत्रसामग्री काढून न्यायला खड्ड्यात परततो. बाकी कुणी नाही. रिचर्ड शॉ यांनी हे काम केलंय. तो अगदी साधा, गप्पिष्ट माणूस आहे, आपल्या अवजारावर माया असलेला. अवजारं आवरता आवरता त्याच्या भोवतीच्या वस्तू हलू लागतात. मग तो पळतो. पण ते पळणं माणसाचं राहत नाही. पाठ वाकलेली, हात विचित्र लोंबकळणारे, पाय उड्या घेणारे. तो एका चर्चच्या आवारात जाऊन पडतो आणि त्याच्या अंगाखालची जमीन लाटेसारखी हलते. जॅक काइन आणि बर्नार्ड विल्की यांच्या विभागाने हे कुठल्याही संगणकाशिवाय केलं. सोबत बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपचे घरघरणारे आवाज आहेत. ती कार्यशाळा त्याच वर्षी, १९५८मध्ये सुरू झाली होती. पण माझी नजर दर वेळी शॉ यांच्या चेहऱ्यावर जाते. नंतर पाद्र्याला आणि क्वेटरमासला तो काय पाहिलं ते सांगतो, तेव्हा त्याला शब्द सापडत नाहीत. ज्याच्या डोक्यात कुणीतरी शिरून गेलं आहे अशा माणसाचा तो गोंधळ आहे.

इथे घरच्या डिस्कचं महत्त्व येतं. ही मालिका बहुतांश थेट सादर झाली. हॅमरस्मिथच्या रिव्हरसाइड स्टुडिओत कलाकार प्रत्यक्ष अभिनय करत होते आणि त्याच क्षणी ते घराघरांत दिसत होतं. खड्ड्याची आणि गर्दीची मोठी दृश्यं मात्र आधी फिल्मवर चित्रित करून ठेवली होती आणि प्रक्षेपणात मधेमधे लावली जात. तेवढ्यात कलाकार धावत पुढच्या सेटवर पोहोचत. थेट प्रक्षेपण जपायचं तर एकच मार्ग होता: टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रीकरण करायचं. त्याला टेलिरेकॉर्डिंग म्हणत. नील यांच्या १९५३च्या पहिल्या क्वेटरमास मालिकेचे सहापैकी दोनच भाग असे नोंदवले गेले. त्यातल्या दुसऱ्या भागात नोंदणीच्या पडद्यावर एक किडा येऊन बसला आणि तो कायमचा त्या चित्रात राहिला. बाकी चार भाग हवेत विरून गेले. ‘द पिट’ मात्र सहाही भागांसह शाबूत आहे, हे आपलं नशीब.

पण टेलिरेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट हरवते. थेट टीव्हीचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलायचं, फिल्म पंचवीसच चौकटी टिपायची. हालचालीतला तो सलग ओघ गेला की चित्र जुन्या सिनेमासारखं दिसू लागतं आणि हे आत्ता, याच क्षणी घडतंय ही जाणीव जाते. २००५मध्ये बीबीसीने क्वेटरमासचा डीव्हीडी संच काढला, तेव्हा विडफायर नावाच्या प्रक्रियेने हरवलेल्या मधल्या हालचाली संगणकावर काढून थेट दृश्यांना परत दिल्या. मूळ फिल्मचे तुकडे जिथे चांगल्या स्थितीत होते, तिथे तेच बसवले. पुढे २०१८मध्ये ब्लू-रेही आली. परिणाम विलक्षण आहे. आंद्रे मोरेल क्वेटरमास म्हणून बोलतात तेव्हा त्यांचा श्वास दिसतो. एखादा नट वाक्य अडखळतो आणि सावरतो, ते सावरणं खरं असतं. ज्यांनी पूर्वी व्हिडिओ कॅसेटवर भाग एकत्र चिकटवून केलेली आवृत्ती पाहिली असेल, त्यांनी ही जरूर पाहावी. आणि सलग संपवू नका. एका रात्री एक भाग. नील यांनी आठवडाभर माणसांच्या डोक्यात घोळत राहावं असंच प्रत्येक भागाचं टोक बेतलं आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या जवळचं आहे. याच परंपरेतली पुढची मोठी मालिका, ‘ए फॉर अँड्रोमेडा’, १९६१मध्ये आली. तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. तिथेही यानातून कुणी उतरत नाही. आकाशातून संदेश येतो, त्यात यंत्र बांधायच्या सूचना असतात, आणि माणसं ते यंत्र स्वतःच्या हाताने बांधतात. मराठीत विज्ञानकथा रुजवणारा माणूस त्या वर्षी त्याच हॉयलकडे संशोधन करत होता. त्या मालिकेचा मात्र बराचसा भाग नष्ट झाला. संपूर्ण ‘द पिट’ हातात धरताना मला त्या हरवलेल्या भागांची चुटपूट लागते.

परत खड्ड्याकडे. १९५८ साल आठवा. त्याच्या आदल्या वर्षी स्पुटनिक आकाशात गेला होता. ब्रिटनमध्ये अण्वस्त्रविरोधी चळवळ त्याच वर्षी उभी राहिली, ईस्टरला लोक ऑल्डरमास्टनच्या मोर्चात चालत गेले. मालिकेच्या पहिल्याच भागात क्वेटरमासचा रॉकेट गट लष्कराच्या हाती जातो आणि कर्नल ब्रीन त्यावर येऊन बसतात. आणि ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्याच नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी कॅरिबियन स्थलांतरितांवर हल्ले केले, दंगल कित्येक दिवस चालली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत ही मालिका पडद्यावर आली.

पाचव्या भागात बार्बराच्या मेंदूतलं दृश्य यंत्राने टिपलं जातं: मंगळावरचे कीटक आपल्याच पोळ्यातल्या वेगळ्या कीटकांना ठरावीक काळाने मारून टाकताहेत. वंशशुद्धी. क्वेटरमास ते मंत्र्यांना दाखवतो. ब्रीन म्हणतात, ही जर्मनांची जुनी प्रचारचाल आहे. सरकारला तेच सोयीचं वाटतं. आणि हे दृश्य कोण दिग्दर्शित करतंय? कार्टिए मूळचे व्हिएन्नाचे ज्यू, नाझींमुळे देश सोडून इंग्लंडला आलेले. मागे राहिलेल्या त्यांच्या आईला होलोकॉस्टमध्ये मारलं गेलं. हे लक्षात ठेवून तो भाग पाहिला की त्यातली एकही चौकट निव्वळ कल्पनेची वाटत नाही.

मग सहावा भाग. खड्ड्यापाशी टीव्हीचा जाहीर कार्यक्रम ठेवलेला असतो, सगळं सुरक्षित आहे हे लोकांना दाखवायला. विजेच्या तारांतून त्या यानाला शक्ती मिळते आणि लंडनभर माणसं झुंडीने वेगळ्या माणसांना शोधून मारू लागतात. अशा वेळी नायक बाजूला, शहाणा उभा असेल असं आपण गृहीत धरतो. नील तसं होऊ देत नाहीत. क्वेटरमासही त्या झुंडीचा भाग होतो. रोनीवर मात्र परिणाम होत नाही, तेच त्याला भानावर आणतात. आणि भानावर आल्यावर क्वेटरमास सांगतो की आपल्याला रोनीला मारायचं होतं, कारण रोनी वेगळे होते. मोरेल हे अगदी हळू आवाजात बोलतात. माझ्या मते संपूर्ण मालिका या एका कबुलीसाठी रचली आहे. पहिल्या भागापासून ज्याच्या बुद्धीवर आणि सचोटीवर आपण विसंबून होतो, त्याच्याही आत तो मंगळ आहे.

खड्ड्यावर मंगळवासीची एक प्रकाशमान आकृती उभी राहते, आणि रोनी लोखंडी साखळी घेऊन तिला भिडतात. दुष्ट शक्तींना लोखंड चालत नाही हे लोककथेतलं ज्ञान शेवटी कामाला येतं, आणि त्यात त्यांचा जीव जातो. त्यानंतर क्वेटरमास टीव्हीवरून लोकांशी बोलतो: आता मंगळवासी आपणच आहोत, आणि हा वारसा आवरता आला नाही तर पृथ्वी त्यांचा दुसरा मेलेला ग्रह ठरेल.

१९६७मध्ये हॅमर कंपनीने याच कथेवर रंगीत चित्रपट काढला, दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर. चित्रपट उत्तम आहे. पण त्यातून हे भाषण गाळलं. तिथे शेवटी माणसं भग्नावशेषांत नुसती उभी आहेत. अनेक जाणकारांना तोच शेवट अधिक कलात्मक वाटतो, भाषण त्यांना उपदेशासारखं वाटतं. मला हे पटत नाही. मोरेल कॅमेऱ्यात पाहून बोलतात, आणि तो कॅमेरा त्या क्षणी सुमारे एक कोटी घरबसल्या माणसांच्या डोळ्यांत पाहत होता. त्यांतली काही नॉटिंग हिलमध्येच राहत होती. ज्या दिवाणखान्यात ती बसली होती तिथेच त्यांना हे सांगणं भाग होतं, आणि चित्रपटगृहाच्या पडद्यावर त्याला तशी जागा नव्हती. म्हणून ही मालिका मोठ्या पडद्यावर न पाहता घरच्या टीव्हीवरच पाहा, असा माझा आग्रह आहे.